टर्मिनलमधून ग्राफिक्स कार्ड, मॉनिटर आणि प्रोजेक्टर कसे हाताळावेत

सदाशिव पेठेतील ज्या अभ्यासिकेच्या संगणकांची देखभाल मी हौसेने करतो, तिच्या व्याख्यानगृहात छताला एक जुना प्रोजेक्टर टांगलेला आहे आणि भिंतीतून नेलेल्या पंधरा मीटर लांबीच्या व्हीजीए केबलने तो कोपऱ्यातल्या संगणकाला जोडलेला आहे. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, दुपारी परत येते, संगणक आपोआप सुरू होतो, प्रोजेक्टर मात्र रिमोटची वाट पाहत बसतो, आणि संध्याकाळी व्याख्यानाला दहा मिनिटे उरली असताना व्यवस्थापक काकांचा फोन येतो, “अहो, भिंतीवर काहीच दिसत नाही, काय दाबू?” सेटिंग्जच्या खिडकीत कुठे काय दिसते हे फोनवरून एकमेकांना सांगत बसणे हा दोन्ही बाजूंचा छळ असतो. टर्मिनलमधली, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या खिडकीतली, एक ओळ मात्र अक्षर-अक्षर सांगता येते, तिचे उत्तर वाचून घेता येते आणि पुढच्या वेळेसाठी वहीत लिहून ठेवता येते.

त्या वहीत कमांड देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिलेल्या आहेत आणि या लेखातही तोच प्रघात ठेवला आहे. टाइप करताना रोमन लिपीतील लहान अक्षरे आणि इंग्रजी अंक वापरावेत, गुणिलेच्या चिन्हाच्या जागी ‘एक्स’ हे अक्षर द्यावे आणि आउटपुटचे, म्हणजे चित्र बाहेर नेणाऱ्या सॉकेटचे, नाव पडद्यावर जसे दिसेल तसेच, मोठ्या अक्षरांसह, टाइप करावे. जिथे उच्चारावरून स्पेलिंग लागणार नाही, तिथे अक्षरे फोडून दिली आहेत. उदाहरणे लिनक्सची आहेत. अभ्यासिकेत लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती चालते.

कामाला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की असावी. भिंतीवर चित्र उमटेपर्यंत पाच टप्पे असतात: ग्राफिक्स कार्ड, कर्नेलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) त्याचा ड्रायव्हर, खिडक्या रंगवणारा एक्स किंवा वेलँड, केबल आणि शेवटी मॉनिटर किंवा प्रोजेक्टर. प्रत्येक कमांड यांपैकी एखाद्याच टप्प्याशी बोलते. बहुतेक वेळा माणूस चुकीची कमांड देत नाही, बरोबर कमांड भलत्याच टप्प्याला देतो, आणि “काहीच फरक पडत नाही” म्हणून वैतागतो.

आधी ओळख पटवावी

पहिली कमांड कार्ड आणि ड्रायव्हर यांची विचारपूस करते. तिचे स्पेलिंग एल-एस-पी-सी-आय, आणि पुढचा पर्याय एन-एन-के.

एलएसपीसीआय -एनएनके

लांबलचक यादीत ‘व्हीजीए कंपॅटिबल कंट्रोलर’ अशी ओळ शोधावी. दोन चिप असलेल्या लॅपटॉपवर दुसरी चिप अनेकदा ‘थ्रीडी कंट्रोलर’ या नावाने येते, त्यामुळे फक्त व्हीजीए हा शब्द शोधणाऱ्याला ती सापडत नाही आणि कार्ड जळाले की काय अशी शंका येते. त्या ओळीखाली ‘कर्नेल ड्रायव्हर इन यूज’ असे लिहिलेले असते: इंटेलच्या बहुतेक चिपवर आय९१५, एएमडीच्या अलीकडच्या कार्डांवर एएमडीजीपीयू, एनव्हिडियाच्या कार्डांवर मुक्त ड्रायव्हर असेल तर नूव्हो आणि कंपनीचा असेल तर एनव्हिडिया. ही ओळच नसेल, तर कार्डाला ड्रायव्हर मिळालेला नाही आणि चित्र फर्मवेअरने आखून दिलेल्या एकाच आकारात अडकलेले आहे. अशा वेळी पुढचे सगळे उपाय व्यर्थ आहेत, आधी ड्रायव्हर बसवावा. याचे एक नेहमीचे कारण म्हणजे लिनक्स बसवताना पडदा काळा पडला म्हणून कोणीतरी बूटच्या ओळीत ‘नोमोडसेट’ हा शब्द घातलेला असतो आणि तो काढायचा राहून जातो. ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’ या कमांडने ती ओळ वाचता येते.

दुसरा प्रश्न, सत्र एक्सचे आहे की वेलँडचे. ‘एको’ आणि त्यापुढे डॉलरच्या चिन्हासह ‘एक्सडीजी_सेशन_टाइप’ हे नाव पूर्ण मोठ्या अक्षरांत दिले, की ‘एक्स११’ किंवा ‘वेलँड’ असे एका शब्दाचे उत्तर येते. वेलँडमध्ये पुढची एक्सरँडआर ही कमांड चालते, यादीही दाखवते, पण ती यादी एक्सच्या जुन्या प्रोग्रॅमसाठी उभ्या केलेल्या देखाव्याची असते. बदल प्रत्यक्षात उतरत नाहीत. तिथे केडीई या डेस्कटॉपसाठी ‘केस्क्रीन-डॉक्टर’, स्वे आणि तत्सम वातावरणांसाठी ‘डब्ल्यूएलआर-रँडआर’ आणि गनोमच्या ४८व्या आवृत्तीपासून ‘जीडीसीटीएल’ अशी वेगवेगळी साधने आहेत. प्रत्येक घराचे दार वेगळे असल्यामुळे फोनवर मदत करणाऱ्याची पंचाईत होते. जुन्या एक्सचे मला कौतुक वाटते ते एवढ्यापुरतेच.

तिसरी विचारपूस थेट कर्नेलकडे करावी. ‘/सिस/क्लास/डीआरएम’ या फोल्डरमध्ये कार्डाच्या प्रत्येक सॉकेटसाठी एक फोल्डर असते, उदाहरणार्थ ‘कार्ड०-व्हीजीए-१’ किंवा ‘कार्ड१-एचडीएमआय-ए-१’. त्यातली ‘स्टेटस’ ही फाइल ‘कनेक्टेड’ किंवा ‘डिसकनेक्टेड’ सांगते आणि ‘मोड्स’ ही फाइल उपलब्ध आकारांची यादी देते. येथे नावांचा एक घोटाळा लक्षात ठेवावा: कर्नेल ज्याला एचडीएमआय-ए-१ म्हणते, त्यालाच एक्स अनेकदा एचडीएमआय-१ म्हणतो.

एक्सरँडआर

स्पेलिंग एक्स-आर-ए-एन-डी-आर, नावातला ‘रँडआर’ म्हणजे रिसाइझ अँड रोटेट. नुसती कमांड दिली की ती हार्डवेअरची नव्याने चौकशी करते आणि प्रत्येक आउटपुट, त्याचे आकार आणि प्रति सेकंद ताजेपणाचे दर (रिफ्रेश रेट) दाखवते. दराशेजारचा तारा म्हणजे सध्या चालू असलेला आकार, आणि अधिकचे चिन्ह म्हणजे मॉनिटरने स्वतः सुचवलेला. प्रोजेक्टर उशिरा चालू केल्याने चित्र येत नसेल, तर बहुतेकदा एवढेच पुरते:

एक्सरँडआर --आउटपुट व्हीजीए-१ --ऑटो

भिंतीवर आणि मॉनिटरवर एकच चित्र हवे असेल तर शेवटी ‘--सेम-ॲज’ आणि पहिल्या आउटपुटचे नाव जोडावे. भिंतीवर फक्त स्लाइड आणि मॉनिटरवर वक्त्याच्या टिपा हव्या असतील तर ‘--राइट-ऑफ’. आडव्या मॉनिटरला उभा करायचा असेल तर ‘--रोटेट लेफ्ट’, आउटपुट बंद करायचे असेल तर ‘--ऑफ’. बाकीचे पर्याय मॅन पानावर (‘मॅन एक्सरँडआर’) वाचता येतात.

नवखा माणूस सर्वाधिक घाबरतो ते पडदा काळा पडण्याला, आणि ते रास्तही आहे. म्हणून कोणताही धाडसी बदल एकट्याने न देता, त्याच ओळीत परतीची वाट लिहून द्यावी:

एक्सरँडआर --आउटपुट व्हीजीए-१ --मोड १०२४×७६८; स्लीप २०; एक्सरँडआर --आउटपुट व्हीजीए-१ --ऑटो

चित्र दिसले तर वीस सेकंद संपण्याआधी कंट्रोल आणि सी दाबून ओळ तोडावी, म्हणजे बदल टिकतो. दिसले नाही तर हात बांधून बसावे, वीस सेकंदांनी पडदा आपोआप पूर्ववत होतो.

चपट्या माणसांची गोष्ट

प्रोजेक्टरचा स्वतःचा आकार १२८०×८००, पण यादीत सर्वांत मोठा आकार १०२४×७६८. तो पसरून भिंतभर केला की वक्त्यांच्या छायाचित्रांतली माणसे बुटकी आणि रुंद दिसत. कित्येक महिने सर्वांनी तो प्रोजेक्टरच्या वयाचा दोष मानला. वास्तविक दोष केबलचा होता, आणि तो टर्मिनलने दाखवून दिला.

मॉनिटर आपली जन्मपत्रिका स्वतःजवळ ठेवतो. तिला ईडीआयडी म्हणतात; तिचा मूळ भाग १२८ बाइटचा असतो आणि त्यात निर्मात्याची खूण, निर्मितीचे वर्ष आणि चालणारे आकार नोंदलेले असतात. व्हीजीए केबलमध्ये ही पत्रिका १२ आणि १५ क्रमांकांच्या पिनांवरून येते, चित्राच्या लाल, हिरव्या आणि निळ्या तारा वेगळ्या असतात. त्यामुळे चित्र व्यवस्थित येत असतानाही पत्रिका पोचलेली नसते, असे घडू शकते. पत्रिका नसली की कर्नेल सावधपणे १०२४×७६८ आणि त्याखालचे आकार तेवढे देते. तपासायची कमांड अशी:

डब्ल्यूसी -सी /सिस/क्लास/डीआरएम/कार्ड०-व्हीजीए-१/ईडीआयडी

उत्तर १२८ किंवा २५६ असेल तर पत्रिका आलेली आहे. शून्य असेल तर नाही. ‘एलएस’ने या फाइलचा आकार पाहू नये, कारण तिथे पत्रिका असतानाही शून्यच दिसते, मी स्वतः त्यात एक संध्याकाळ घालवली आहे. आमच्याकडे उत्तर शून्य आले. शिडीवर चढून केबल सोडवली, मल्टिमीटर लावला, तर १२ क्रमांकाच्या पिनेवर बीप वाजलाच नाही. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत नवी केबल मिळाली असती, पण भिंत फोडायला कार्यकारिणीची परवानगी लागते आणि ती केबलपेक्षा दुर्मीळ असते.

तेव्हा पत्रिकेवाचून लग्न लावले. ‘सीव्हीटी’ ही कमांड आकार आणि दर यांवरून संकेताचे वेळापत्रक मांडून देते:

सीव्हीटी १२८० ८०० ६०

उत्तरात ‘मोडलाइन’ या शब्दानंतर अवतरणचिन्हांत नाव आणि पुढे आकडे येतात: ८३.५० १२८० १३५२ १४८० १६८० ८०० ८०३ ८०९ ८३१, आणि शेवटी -एचसिंक +व्हीसिंक. पहिला आकडा मेगाहर्ट्झमध्ये पिक्सेलचा वेग आहे. प्रत्येक आडव्या रेषेत चित्राचे १२८० पिक्सेल, पण मोकळ्या जागेसह एकूण १६८०. उभ्या दिशेला चित्राच्या ८०० रेषा, पण एकूण ८३१. त्या १६८० आणि ८३१ यांचा गुणाकार करून ८३.५० मेगाहर्ट्झला भागले, की ५९.८ येतात, म्हणजे आपण मागितलेले ६० जवळजवळ मिळाले. हे आकडे मनाने बदलू नयेत. काचेच्या जुन्या सीआरटी मॉनिटरला भलतेच वेळापत्रक इजा करू शकत असे. आजचे प्रोजेक्टर ‘आउट ऑफ रेंज’ असे म्हणून गप्प बसतात.

पुढे दोन पायऱ्या. ‘एक्सरँडआर --न्यूमोड’ लिहून नाव आणि सगळे आकडे जसेच्या तसे द्यावेत. माझ्या सोयीसाठी मी नाव नुसते ‘भिंत’ या शब्दाचे रोमन रूप ठेवतो. मग ‘एक्सरँडआर --ॲडमोड व्हीजीए-१’ आणि ते नाव, म्हणजे तो आकार त्या आउटपुटच्या यादीत येतो, आणि नेहमीच्या ‘--मोड’ने निवडता येतो. वीस सेकंदांची युक्ती येथे विसरू नये.

उजेड: तीन वेगळे मालक

“उजेड कमी करायचा आहे” या एका वाक्यामागे तीन अगदी वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात.

एक्सरँडआरच्या ‘--ब्राइटनेस ०.५’ या पर्यायाने दिव्याला हातही लागत नाही. तो फक्त रंगांचे आकडे निम्मे करतो. मागचा दिवा पूर्वीइतकाच जळतो, बॅटरी वाचत नाही. रात्री खोलीतला दिवा मालवून पाहिल्यास काळ्या भागातून तोच करडा प्रकाश झिरपताना स्पष्ट दिसतो. याला मी चष्म्याची काच काळी करणे म्हणतो.

लॅपटॉपचा खरा दिवा कर्नेलच्या हातात असतो. ‘/सिस/क्लास/बॅकलाइट’मध्ये, इंटेलच्या चिपवर बहुधा ‘इंटेल_बॅकलाइट’ नावाच्या फोल्डरात, ‘मॅक्स_ब्राइटनेस’ आणि ‘ब्राइटनेस’ या दोन फाइल असतात. कमाल आकडा प्रत्येक यंत्राचा निराळा असतो, माझ्या एका लॅपटॉपवर ९३७ आणि दुसऱ्यावर १,२०,०००. म्हणून दुसऱ्याच्या वहीतला आकडा उतरवू नये. लिहिण्याची नेहमीची चूक म्हणजे ‘सुडो एको ४०० > ब्राइटनेस’. यात सुडोने येणारा प्रशासकाचा अधिकार फक्त एकोला मिळतो. बाणाने फाइल उघडणारे शेल (टर्मिनलमध्ये कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) आपल्या साध्याच अधिकाराने जाते आणि ‘परमिशन डिनाइड’ ऐकून परत येते. बरोबर रीत अशी:

एको ४०० | सुडो टी /सिस/क्लास/बॅकलाइट/इंटेल_बॅकलाइट/ब्राइटनेस

येथे ‘टी’ म्हणजे टी-ई-ई. शून्य मात्र लिहू नये, काही पॅनेल त्याने पूर्ण काळे होतात. रोजच्या वापरासाठी ‘ब्राइटनेससीटीएल सेट ४०%’ अधिक सोयीचे आहे.

बाहेरच्या मॉनिटरचा दिवा ना एक्सच्या ताब्यात असतो ना कर्नेलच्या. तो मॉनिटरच्या स्वतःच्या मेंदूकडे असतो आणि त्याच्याशी डीडीसी/सीआय या बोलीत बोलावे लागते. साधनाचे नाव डीडीसीयुटिल, स्पेलिंग डी-डी-सी-यू-टी-आय-एल. आधी ‘सुडो मोडप्रोब आय२सी-डेव्ह’ देऊन मार्ग मोकळा करावा, मग ‘डीडीसीयुटिल डिटेक्ट’ने मॉनिटर दिसतो का ते पाहावे. दर वेळी सुडो नको असेल तर आपले नाव ‘आय२सी’ या गटात घालून पुन्हा लॉगिन करावे. दिसत नसेल तर मॉनिटरच्या बटणांच्या मेनूत डीडीसी/सीआय बंद आहे का ते तपासावे. लॅपटॉपचे आतले पॅनेल या बोलीला उत्तर देत नाही.

डीडीसीयुटिल सेटव्हीसीपी १० ३५

यातला १० हा उजेडाचा संकेतांक आणि ३५ ही किंमत. कॉन्ट्रास्टचा संकेतांक १२, इनपुट निवडण्याचा ६०. दोन संगणकांना एकच मॉनिटर लावलेला असेल तर ‘सेटव्हीसीपी ६० १७’ने एचडीएमआयचे पहिले इनपुट आणि ‘६० १५’ने डिस्प्लेपोर्टचे पहिले इनपुट येते, आणि मॉनिटरच्या तळाशी असलेले ते न दिसणारे बटण चाचपडावे लागत नाही. ‘डीडीसीयुटिल कॅपॅबिलिटीज’च्या यादीत हे आकडे सोळाच्या पायावर दिलेले असतात, म्हणजे तिथला ११ हा आपला १७. ही बोली व्हीजीएमध्ये त्याच १२ आणि १५ क्रमांकांच्या पिनांवरून जाते. त्यामुळे पत्रिका न येणाऱ्या केबलवर हा प्रयोगही करू नये.

कार्डाचे तापमान आणि वीज

एप्रिलच्या दुपारी पुण्यातला पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो आणि पत्र्याच्या पोटमाळ्यावर ठेवलेला संगणक त्याहून तापतो. एनव्हिडियाचा कंपनीचा ड्रायव्हर असेल तर ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही कमांड तापमान, वीज, मेमरी आणि कार्ड वापरणारे प्रोग्रॅम एका चौकटीत दाखवते. ‘-एल २’ जोडल्यास दर दोन सेकंदांनी. चौकटीच्या वर लिहिलेली कूडाची (कार्डाकडून आकडेमोड करून घेण्याच्या एनव्हिडियाच्या प्रणालीची) आवृत्ती ही ड्रायव्हरला झेपणारी कमाल आवृत्ती असते, संगणकावर बसवलेली नव्हे. काम मंदावले असेल तर ‘एनव्हिडिया-एसएमआय -क्यू -डी’ यापुढे मोठ्या अक्षरांत ‘परफॉर्मन्स’ लिहावे, म्हणजे कार्डाने वेग विजेच्या मर्यादेमुळे कमी केला की उष्णतेमुळे, हे कळते.

उष्णतेवर माझा पहिला उपाय ब्रश आणि ब्लोअर, दुसरा विजेची मर्यादा. त्याच कमांडमध्ये ‘परफॉर्मन्स’च्या जागी ‘पॉवर’ लिहिले की किमान आणि कमाल मर्यादा दिसतात. त्यांच्या मधला आकडा निवडून ‘सुडो एनव्हिडिया-एसएमआय -पीएल १२०’ असे द्यावे. अनेक लॅपटॉप याला नकार देतात, आणि मान्य झालेली मर्यादाही संगणक पुन्हा सुरू केला की मूळपदावर येते.

एएमडीवर सगळे फाइलींत आहे. कार्डाच्या ‘डिव्हाइस’ फोल्डरातील ‘एचडब्ल्यूमॉन’मध्ये ‘टेम्प१_इनपुट’ ही फाइल अंशाच्या हजाराव्या भागांत तापमान सांगते, म्हणजे ६७००० हे ६७ अंश. ‘पॉवर_डीपीएम_फोर्स_परफॉर्मन्स_लेव्हल’मध्ये ‘लो’ लिहिले की कार्ड सर्वांत मंद घड्याळावर राहते आणि ‘ऑटो’ लिहिले की पूर्ववत होते. पंख्याचा वेग हाताने ठरवण्याची सोयही तिथेच आहे, पण ती वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. माणूस वेग ठरवून विसरतो, कार्ड विसरत नाही.

पडदा काळा असताना, आणि बदल कायमचा करताना

काहीच दिसत नसेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून मजकुराच्या कन्सोलवर जावे, लॉगिन करावे, आणि ओळीच्या सुरुवातीला मोठ्या अक्षरांत ‘डिस्प्ले=:०’ लिहून मग ‘एक्सरँडआर --आउटपुट व्हीजीए-१ --ऑटो’ द्यावे. त्याच वापरकर्त्याच्या नावाने एसएसएचवरून, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून, आल्यासही हीच ओळ चालते, त्यामुळे मला सायकल काढावी लागत नाही. या कन्सोलवर मराठी फाइलींची नावे चौकोनांच्या रांगेसारखी दिसतात, त्याने घाबरू नये. तिथल्या फाँटमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात आणि जोडाक्षरे जुळवण्याची सोयच नाही. डॉसच्या काळात हेच काम पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डाने हार्डवेअरमध्ये करून दाखवले होते, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

एक्सरँडआरचे बदल लॉगआउटबरोबर नाहीसे होतात. न्यूमोड, ॲडमोड आणि मोड या तीन ओळी एका स्क्रिप्टमध्ये घालून ती एक्सएफसीईच्या ‘सेशन अँड स्टार्टअप’मध्ये नोंदवावी आणि पहिली ओळ ‘स्लीप ५’ अशी ठेवावी. नाहीतर डेस्कटॉप स्वतःची जुनी मांडणी मागाहून लादतो.

तरीही गुरुवारचा प्रश्न उरतोच, कारण संगणक सुरू होताना प्रोजेक्टर बंद असला तर कर्नेललाच आउटपुट दिसत नाही. त्यासाठी ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, ‘/इटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ या फाइलमधील ‘ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट’च्या अवतरणचिन्हांत ही भर घालावी आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ द्यावे:

व्हिडिओ=व्हीजीए-१:१२८०×८००एम@६०ई

यातील ‘एम’ मोठे अक्षर, त्याचा अर्थ वेळापत्रक सीव्हीटीच्या रीतीने काढावे. शेवटचा ‘ई’ लहान, त्याचा अर्थ पलीकडे कोणी असो वा नसो, आउटपुट चालूच ठेवावे. आउटपुटचे नाव येथे कर्नेलचे द्यावे, एक्सचे नव्हे. ही ओळ कर्नेलची असल्यामुळे उद्या वेलँड आला तरी ती लागू राहील. फाइल बदलण्यापूर्वी तिची प्रत ठेवावी, आणि बदल फसलाच तर बूटच्या वेळी ग्रबच्या यादीत ‘ई’ हे अक्षर दाबून तेवढा शब्द एका वेळेपुरता पुसता येतो, हे वहीत ठळक लिहून ठेवावे. आमच्या वहीत ते पहिल्या पानावर, काकांच्या अक्षरात, लाल शाईने लिहिलेले आहे.